गाडी तापली की बंद पडते, दहा मिनिटांनी पुन्हा सुरू होते: बोअर करण्याआधी काय तपासायचं

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे समजण्यात काही चूक होत असेल तर लगेच कळेल. गाडी 2009 सालची स्प्लेंडर, कार्बोरेटरवाली. सकाळी चोक ओढला की पहिल्या-दुसऱ्या किकला सुरू होते. चिपळूणहून कोयनानगरकडे निघालात की पंधरा-सोळा किलोमीटर विनातक्रार पळते. कुंभार्ली घाटाचा चढ लागला की ओढ कमी होते, मग झटके मारते आणि बंद पडते. दहा मिनिटं थांबलात की एका किकमध्ये सुरू, पण चार-पाच किलोमीटरवर पुन्हा तेच. एका मिस्त्रींनी प्लग बदलला, दुसऱ्यांनी कार्बोरेटर धुतला. धुतल्यापासून स्लो टिकत नाही आणि रेस सोडली की सायलेन्सरमध्ये फट-फट आवाज येतो. आता तिसऱ्यांनी बोअर-पिस्टन करायला, म्हणजे सिलिंडरची आतली घासलेली भिंत नीट करून नवा पिस्टन बसवायला सांगितलंय, साडेपाच हजार खर्च सांगितलाय, आणि तुम्ही विचारताय की करावं का, आणि प्लगवरून काही कळतं का.

आत्ता करू नका. गाडी न बघता एवढं ठामपणे सांगतोय त्याला कारण आहे. घासलेला बोअर दहा मिनिटांत बरा होत नाही. पिस्टनच्या रिंगा आणि बोअर खरोखर गेले असतील तर त्रास पहाटेपासूनच दिसतो: थंड गाडी सुरू व्हायला खूप किका लागतात, ऑइल कमी होत राहतं, सायलेन्सरमधून निळसर धूर येतो, चढावर ओढ रोजच कमी असते. तुमची गाडी पहाटे पहिल्या किकला सुरू होते आणि सपाटीवर छान पळते. म्हणजे दाब पुरेसा आहे, निदान इंजिन थंड असताना तरी. त्यामुळे खरा प्रश्न असा आहे: तापल्यावर असं काय नाहीसं होतं, जे दहा मिनिटांत परत येतं?

कराडला माझं गॅरेज आहे. घाट चढून आलेल्या आणि घाटात बंद पडलेल्या गाड्या आमच्याकडे सतत येतात, आणि बहुतेकांची हकीगत तुमच्यासारखीच असते. प्लग बदलून झालेला असतो, कार्बोरेटर धुऊन झालेला असतो, प्लगला वीज देणारी कॉईलसुद्धा बदललेली असते. पण गाडी नेमकी केव्हा बंद पडते हे कोणी विचारलेलं नसतं. मी पाना हातात घेण्याआधी गाडीवाल्याला पाच मिनिटं बोलतं करतो. थंड असताना की गरम? सपाटीला की चढाला? झटके मारत मारत बंद पडते, की बटण दाबल्यासारखी एका क्षणात? टाकी भरलेली असते तेव्हा, की रिझर्व्हला आल्यावर? पाऊस होता का? या उत्तरांतून निम्मं निदान होतं.

यामागचा हिशेब सोपा आहे. कार्बोरेटरचा बिघाड मूठ किती पिळली आहे त्यावर ठरतो, तो मुठीच्या एका ठरावीक टप्प्यात दिसतो. स्पार्कचा बिघाड उष्णता, लोड आणि ओल यांच्यावर ठरतो. टाकीकडून पेट्रोल कमी येत असेल तर तो बिघाड वेळ आणि अंतरावर ठरतो, कारण कार्बोरेटरच्या वाटीतला साठा संपायला वेळ लागतो. आणि वॉल्वचा बिघाड इंजिनाच्या गरमपणावर ठरतो. धुतल्यानंतरची स्लोची तक्रार सोडली तर तुमची गाडी थंड असताना सगळ्या टप्प्यांत नीट चालते. म्हणून घाटातल्या बंद पडण्यासाठी कार्बोरेटरचे जेट (पेट्रोल मोजून सोडणारे बारीक भोकाचे तुकडे) माझ्या यादीत सर्वांत खाली आहेत. वर तीन संशयित उरतात: पेट्रोलचा पुरवठा, गरम झाल्यावर जाणारा स्पार्क, आणि घट्ट बसलेले टॅपेट, म्हणजे वॉल्व आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यातली फट कमी झालेली.

यातला कोणता, हे ठरवण्याची खरी वेळ गाडी बंद पडल्यानंतरची पहिली दोन-तीन मिनिटं. गॅरेजपर्यंत गाडी ढकलत आणली की तोवर ती थंड होते, सुरू होते, आणि मिस्त्री म्हणतो, "काहीच नाही हो हिला." म्हणून पुढच्या वेळी घाटात जाताना प्लगपाना, एक नवा प्लग, एक स्क्रू ड्रायव्हर आणि छोटी काचेची रिकामी बाटली डिकीत ठेवा. गाडी बंद पडली की ती रस्त्याच्या कडेला, वळणापासून लांब, मेन स्टँडवर घ्या. आसपास कोणी बिडी-सिगारेट ओढत असेल तर त्याला लांब जायला सांगा.

सगळ्यात आधी टाकीचं झाकण उघडा. उघडताना कान द्या. हवा आत ओढल्याचा "स्स्" आवाज आला तर उत्तर जवळजवळ हातात आलं. झाकण नुसतं टेकवून ठेवा, मिनिटभर थांबा, किक मारा. गाडी लगेच सुरू झाली तर झाकणातलं हवेचं भोक बुजलंय. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल गचके खात येतं आणि दुसरं भोक पाडलं की सरळ धार लागते, तसंच हे आहे. पेट्रोल जेवढं खाली उतरतं तेवढी हवा वरून आत यावी लागते.

इथे थोडा आकड्यांचा विचार करा. लिटरला साठचं ॲव्हरेज धरलं तर पंधरा किलोमीटरमध्ये पाव लिटर पेट्रोल जातं, म्हणजे पाव लिटर हवा टाकीत यायला हवी. या गाडीला पंप नाही, पेट्रोल नुसत्या उंचीवर खाली उतरतं, आणि टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतची उंची वीतभर. एवढ्या उंचीचा जोर फार थोडा असतो, टाकीत किंचित पोकळी तयार झाली तरी धार थांबते. भोक पूर्ण बुजलं असेल तर गाडी दोन-चार किलोमीटरवरच रडायला लागते. अर्धवट बुजलं असेल तर सपाटीवर कशीबशी हवा पुरते, पण चढावर इंजिन जास्त पेट्रोल मागतं आणि तिथे कमी पडतं. तुमच्या वर्णनाशी हे फार जुळतं. आणखी एक खूण आहे. टाकी गच्च भरलेली असताना वर हवेला जागा थोडी असते, त्यामुळे पोकळी लवकर तयार होते आणि गाडी लवकर बंद पडते. टाकी अर्धी असेल तर उशिरा. तुमच्याकडे असं होतं का, ते आठवून बघा. वॉशिंगला दिल्यावर, पॉलिश केल्यावर किंवा बाजारातलं डुप्लिकेट झाकण बसवल्यावर हा त्रास सुरू झालेला मी पुष्कळदा बघितला आहे. झाकण काढून पेट्रोलने धुवायचं, उलट बाजूने हवा मारायची, रबर सुजलेलं असेल तर झाकण बदलायचं. याचा खर्च आणि साडेपाच हजार यांची तुलनाच नको.

झाकण उघडूनही सुरू झाली नाही, तर कार्बोरेटरच्या वाटीखाली पेट्रोल सोडायचा छोटा स्क्रू असतो, तो बाटलीत पेट्रोल पडेल असा सैल करा. इंजिन आणि सायलेन्सर गरम असतो, त्यावर थेंब पडू देऊ नका. आधी वाटीतलं पेट्रोल येईल. मग कॉक (टाकीखालची पेट्रोलची तोटी) चालू असताना धार सुरू राहायला हवी. नुसते थेंब येत असतील किंवा काहीच नसेल तर अडथळा वर आहे: कॉकमधली जाळी, पाइपमधला दुमड, किंवा बाहेरून बसवलेला फिल्टर. तुमच्या गाडीला बाहेरून प्लॅस्टिकचा फिल्टर बसवलेला असेल तर तो तात्पुरता काढूनच चाचणी घ्या. टाकीतून नुसत्या उंचीवर उतरणाऱ्या पेट्रोलला चुकीच्या जातीचा फिल्टर झेपत नाही.

बाटलीत आलेलं पेट्रोल उजेडात धरून बघा. तळाशी पाण्याचे मणी जमलेत का? तपकिरी पावडर आहे का? तुम्ही कोकणात राहता, गाडी बहुधा उघड्यावर असते, आणि पावसाळ्यात झाकणाच्या कडेने पाणी आत जातं. शिवाय आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, 2023 पासून वीस टक्के मिश्रणाचं पेट्रोलही मिळू लागलं. इथेनॉल पाणी ओढून घेतं. थोडं पाणी त्यात विरघळून निघून जातं, ते ठीक. पण प्रमाण वाढलं की पाणी आणि इथेनॉल मिळून वेगळा थर होऊन टाकीच्या तळाशी बसतो, आणि कॉकचं तोंड तळाशीच असतं. 2009 च्या गाडीचे पाइप, ओ-रिंग, फ्लोटच्या सुईचं रबर हे या मिश्रणासाठी बनवलेले नव्हते. सुजलेलं किंवा कडक झालेलं रबर दिसलं तर बदलून टाका, त्यात काटकसर नको.

पेट्रोलची चाचणी घरी अंगणात आणखी नीट करता येते. चूल, देवघरातला दिवा, गॅस यांपासून लांब, मोकळ्या हवेत. कार्बोरेटरकडचा पाइप काढून बाटलीत सोडा, कॉक चालू करा, झाकण घट्ट लावा आणि मिनिट-दीड मिनिट धार बघत राहा. धार सुरुवातीला चांगली आणि हळूहळू बारीक होत गेली, आणि झाकण उघडताच पुन्हा जोरात आली, तर दोष झाकणाचा. सुरुवातीपासून बारीक असेल तर कॉकचा किंवा टाकीतल्या गंजाचा. मुख्य लाइनला बारीक आणि रिझर्व्हला चांगली, किंवा उलट, असं असेल तर कॉकच्या त्या वाटेत कचरा आहे. ही चाचणी मी प्रत्येक तक्रारीच्या गाडीला करतो. हिच्यात अंदाजाला जागा नाही, डोळ्यांना दिसतं ते दिसतं.

पेट्रोल व्यवस्थित येतंय असं ठरलं की मग स्पार्क. गाडी बंद पडल्या पडल्या प्लगची टोपी काढा, नवा प्लग टोपीत घाला, त्याचा लोखंडी भाग इंजिनाच्या रंग नसलेल्या धातूला घट्ट टेकवा आणि किक मारा. जुना प्लग हेडमध्येच राहू द्या, म्हणजे भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येऊन पेट घेणार नाही. आणि ज्या स्क्रूतून पेट्रोल सोडलंत तो आधी बंद करून, सांडलेलं पुसून, वाफ उडून जाईपर्यंत थांबा. टोपी हवेत लोंबकळत ठेवून किक मारू नका, स्पार्कला जायला जागा मिळाली नाही तर कॉईल आणि सीडीआय (ठिणगी नेमक्या वेळी सोडणारा इलेक्ट्रॉनिक डबा) यांच्यावर ताण येतो.

ठिणगी निळसर-पांढरी, जाड आणि दर किकला आली तर चांगलं. पिवळी-लाल, बारीक, कधी येते कधी नाही अशी असेल तर संशय घ्या. मात्र एक लक्षात ठेवा: बाहेर उडणारी ठिणगी आतही उडेलच असं नाही. सिलिंडरमध्ये मिश्रण आठ-नऊपट दाबलेलं असतं आणि दाबलेल्या हवेतून ठिणगी पाडायला जास्त व्होल्टेज लागतं. चढावर मूठ पूर्ण पिळली की सिलिंडर जास्त भरतो, दाब आणखी वाढतो, आणि अशक्त कॉईल नेमकी तिथे हार मानते. म्हणून बाहेर ठिणगी दिसली एवढ्यावर कॉईलला निर्दोष ठरवू नका. ठिणगी अजिबात आली नाही, तर मात्र शंकेला जागा नाही, दोष विजेच्या बाजूला आहे.

विजेच्या बाजूला गरम झाल्यावर जाणारे भाग मुख्यतः तीन: मॅग्नेटच्या (इंजिनाबरोबर फिरून वीज तयार करणाऱ्या चाकाच्या) आतल्या कॉईली, म्हणजे ठिणगीची वेळ कळवणारी पल्सर कॉईल आणि जुन्या पद्धतीत सीडीआयला वीज देणारी कॉईल, इग्निशन कॉईल, आणि खुद्द सीडीआय. कॉईलमधली तांब्याची तार केसासारखी बारीक असते. आत कुठे तडा गेलेला असला तर थंड असताना टोकं एकमेकांना चिकटून असतात, तापून फुगली की सुटतात, थंड झाली की पुन्हा जुळतात. दहा मिनिटांत गाडी "बरी" होते ती अशी. हा बिघाड असेल तर गाडी सहसा झटक्यात बंद पडते, बटण दाबल्यासारखी. पेट्रोल कमी पडलं तर ती आधी ओढ सोडते, हुंदके देते, मग बंद पडते. तुमचं वर्णन दुसऱ्या प्रकारचं आहे, म्हणून मी पेट्रोल पहिलं धरलं. पण झटके दोन्हीकडे येऊ शकतात, तेव्हा स्पार्कची चाचणी टाळू नका.

मल्टीमीटर असेल तर कॉईली थंड असताना आणि गरम असताना मोजा. तांब्याचा रोध एक अंश तापमानाला साधारण 0.4 टक्क्याने वाढतो. म्हणजे 30 अंशांवरून 100 अंशांवर गेल्यावर पाव पटीहून थोडा जास्त वाढला तर ते नैसर्गिक आहे, त्याला दोष समजून कॉईल फेकू नका. आकडा एकदम अनंत झाला किंवा उड्या मारायला लागला तर मात्र कॉईल गेली. इग्निशन कॉईल गाडीवरून काढून मीटरच्या तारा लावून हेअर ड्रायरने गरम करायची, आकड्यावर नजर ठेवायची. सीडीआय मीटरने नीट तपासता येत नाही. त्यासाठी तुमच्याच मॉडेलच्या, त्याच सालाच्या आसपासच्या मित्राच्या गाडीचा सीडीआय दोन दिवस मागून घ्या आणि घाट चढून या. नवीन विकत घेऊन बघण्यापेक्षा हा मार्ग शहाणपणाचा, कारण विजेचा सुटा भाग दुकानदार परत घेत नाही.

चावीच्या स्विचकडची वायर बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. बॅटरीशिवाय चालणाऱ्या जुन्या सीडीआय पद्धतीत चावी बंद केली की सीडीआयची एक वायर अर्थ होते आणि स्पार्क थांबतो. होंडाच्या पद्धतीत ती काळी, त्यावर पांढरा पट्टा. हँडलच्या गळ्यापाशी ती घासून उघडी पडली तर गाडी चालू असतानाही अर्थ लागतो. गाडी स्लोवर ठेवून हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा, वायरिंगचा जुडगा हाताने हलवा. इंजिन अडखळलं तर तिथेच शोधा.

तिसरा संशयित टॅपेट, आणि याबद्दल मला जरा कळकळीने बोलायचंय. लोकांना वाटतं, टॅपेटचा आवाज नाही म्हणजे इंजिन उत्तम. उलट आहे. टॅपेटचा हलका टिक-टिक आवाज असणं बरं, पूर्ण शांत टॅपेट धोक्याचा. वॉल्व आणि त्याची बैठक वर्षानुवर्षं घासत जाते, वॉल्व वर सरकत जातो आणि रॉकरशी असलेली फट कमी कमी होते. त्यात कोणी "आवाज येतोय" म्हणून फट आणखी आवळून दिली की झालं. एक्झॉस्ट वॉल्व इंजिनातला सर्वांत तापणाऱ्या भागांपैकी एक. तापून तो लांबला की उरलेली फट संपते, वॉल्व पूर्ण मिटत नाही, दाब गळतो, ओढ जाते. थंड झालं की फट परत येते आणि गाडी सुरू होते. हे दुर्लक्षिलं तर वॉल्वची कड जळते आणि मग हेड उतरवावंच लागतं.

रस्त्यावरची खूण किकमध्ये आहे. सकाळी थंड गाडीला चावी बंद ठेवून हळूच किक दाबून बघा, पायाला किती जोर लागतो ते लक्षात ठेवा. घाटात बंद पडल्यावर तसंच करा. किक रिकामी, हलकी वाटली आणि दहा मिनिटांनी पुन्हा जड झाली, तर टॅपेट पहिले तपासा. तपासणी इंजिन पूर्ण थंड असतानाच, म्हणजे रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी. मॅग्नेटच्या बाजूची दोन्ही झाकणं उघडून क्रँक फिरवायचा, मॅग्नेटवरची "टी" खूण केसिंगच्या खुणेशी जुळवायची, आणि दोन्ही रॉकर हाताने किंचित हलतात ना, ते बघायचं. हलत नसतील तर आणखी एक पूर्ण फेरा फिरवा. मग फिलर गेजने फट मोजा. या जातीच्या इंजिनांत ती मिलीमीटरच्या पाच ते दहा शतांशांएवढी बारीक असते, नेमका आकडा तुमच्या मॉडेलच्या पुस्तकातून घ्या. गेजचं पातं हलकं घासत सरकलं पाहिजे. लॉकनट आवळताना स्क्रू फिरतो, म्हणून आवळून झाल्यावर पुन्हा मोजा. "हाताच्या अंदाजाने" टॅपेट लावणाऱ्याला तुमची गाडी देऊ नका. पाच शतांश हाताला कळत नाहीत, कोणाच्याच.

इथपर्यंतचं एका दमात सांगायचं तर: बंद पडल्यावर झाकण उघडून सुरू झाली तर झाकण, वाटीत पेट्रोल नसेल तर कॉक किंवा टाकी, पेट्रोल आहे पण ठिणगी नाही तर वीज, पेट्रोल आणि ठिणगी दोन्ही आहेत पण किक रिकामी तर टॅपेट. आणि हे सगळं ठीक असेल तर मागचा ब्रेक बघा. लायनर चिकटून ड्रम तापला की गाडी चढाला मरगळते आणि दोष इंजिनाला लागतो. मेन स्टँडवर मागचं चाक न्यूट्रलमध्ये हाताने सैल फिरतं का, एवढंच बघायचं.

आता स्लो न टिकण्याबद्दल. ही तक्रार कार्बोरेटर धुतल्यानंतर सुरू झाली असं तुम्ही लिहिलंय, म्हणून तिला घाटातल्या तक्रारीपासून वेगळी ठेवा. दोन्ही एकत्र सोडवायला गेलात तर दोन्ही अंगावर येतील.

स्लोला आणि मूठ जेमतेम उघडेपर्यंत इंजिन पायलट जेटवर चालतं. त्यापुढे पाव मुठीपर्यंत स्लाइडच्या (मुठीबरोबर वर-खाली होणाऱ्या पडद्याच्या) कापाचा प्रभाव, पाव ते पाऊण मुठीला निडलचा (स्लाइडला लावलेल्या सुईचा), आणि पाऊण मुठीच्या पुढे मेन जेटचा. मी मुठीच्या घरावर पांढऱ्या टेपची पट्टी चिकटवतो, मुठीवर एक रेघ मारतो आणि पट्टीवर बंद, पाव, अर्धी, पाऊण अशा खुणा करतो. मग गाडीवाल्याला सांगतो, चालवताना अडखळली की नुसती रेघ कुठे आहे ते बघ. तिसऱ्या गिअरला आणि चौथ्या गिअरला एकाच खुणेवर अडखळली तर कार्बोरेटरचा तो टप्पा दोषी. खूण वेगवेगळी पण इंजिनाचा वेग एकच असेल तर नजर विजेकडे वळवा. निडलची क्लिप, जेटचा नंबर यांना हात लावण्याआधी ही टेप लावा.

तुमच्या बाबतीत दोष बंद मुठीला दिसतो, म्हणजे पायलटची वाट. धुताना तिथे दोन गोष्टी बिघडतात. पायलट जेटचं भोक मिलीमीटरच्या निम्म्याहूनही बारीक असतं. ते साफ करायला क्लचवायरची तार घालायची सवय बऱ्याच ठिकाणी आहे. जेट पितळेचं, मऊ, आणि तार पोलादी. भोक मोठं झालं की ते जेट कायमचं गेलं, पुढे कितीही ट्यूनिंग करा. जेट काढून उजेडाकडे धरा, भोक गोल आणि स्वच्छ दिसलं पाहिजे. शंका असेल तर नवीन ओरिजिनल घाला आणि पुढे कार्ब क्लीनर आणि हवा यांनीच साफ करायचं असं सांगून ठेवा.

दुसरी गोष्ट जास्त संभवते: कार्बोरेटर परत बसवताना हवा गळायला लागली. कार्बोरेटर आणि हेडच्या मध्ये जाड इन्सुलेटर असतो आणि ओ-रिंगा असतात. जुनी चपटी ओ-रिंग तशीच घातली, किंवा बोल्ट जास्त आवळले आणि कार्बोरेटरची कड वाकली, की मधून चोरून हवा आत जाते. मिश्रण पातळ होतं, स्लो टिकत नाही, आणि रेस सोडली की न जळलेलं मिश्रण सायलेन्सरमध्ये जाऊन फुटतं. तुमची फट-फट हीच असावी. गाडी स्लोवर ठेवून, लागलं तर मूठ किंचित धरून, त्या जोडावर साबणाचं पाणी फवारा. इंजिनाचा आवाज बदलला तर गळती तिथेच. कार्ब क्लीनर किंवा पेट्रोल गरम इंजिनावर फवारू नका, ते पेटतं. कड वाकली आहे का ते बघायला कार्बोरेटर काढून कडेवर स्टीलची पट्टी उभी धरा आणि मागून उजेड येतो का ते पाहा. सायलेन्सर हेडला जिथे जोडतो तिथलं गॅस्केटही बघा, तिथून हवा आत जात असेल तरी असाच आवाज येतो.

हे दोन्ही निस्तरल्यावरच एअर स्क्रू (स्लोचं हवा-पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा) आणि स्लोचा स्क्रू यांना हात लावायचा. इंजिन चांगलं तापवून, एअर स्क्रू थोडा थोडा फिरवत जिथे इंजिन सर्वांत जोरात आणि एकसारखं चालतं तिथे थांबायचं, मग स्लोच्या स्क्रूने वेग खाली आणायचा. साधारण मिनिटाला चौदाशे फेरे हा या इंजिनाचा स्लो. गळती असताना स्क्रू फिरवून काढलेलं स्लो दुसऱ्या दिवशी टिकत नाही.

प्लगबद्दलही विचारलंत. प्लगचा रंग उपयोगी, पण तो कधी बघितला यावर सगळं आहे. स्लोवर पाच मिनिटं उभी राहिलेल्या गाडीचा प्लग काळाच दिसणार. चढाला पाऊण मुठीवर चालवत असताना क्लच दाबून तिथेच चावी बंद केली आणि मग प्लग काढला तर त्या टप्प्याची खरी हकीगत कळते. मागे वाहन नाही ना हे बघूनच हे करायचं. कोरा पांढरा, भाजल्यासारखा असेल तर पेट्रोल कमी पडतंय, आणि तुमच्या गाडीत तसा निघाला तर पुन्हा झाकण आणि कॉक यांच्याकडेच बोट जातं. काळा आणि कोरडा असेल तर पेट्रोल जास्त किंवा स्पार्क अशक्त. काळा आणि तेलकट असेल, तर मात्र तिसऱ्या मिस्त्रींचं म्हणणं खरं असण्याची शक्यता आहे.

त्यांचं म्हणणं तपासायचीही रीत आहे. प्लगच्या भोकात कॉम्प्रेशन गेज लावून, मूठ पूर्ण उघडून किका मारायच्या आणि आकडा लिहून ठेवायचा. मग त्याच भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजायचं. आकडा बराच वाढला तर रिंगा-बोअर, कारण ऑइलने ती फट तात्पुरती भरली. वाढला नाही तर दाब वॉल्वमधून जातोय. गेज असलेल्या मिस्त्रींकडे हे पंधरा मिनिटांचं काम आहे. हे दोन आकडे कागदावर न दाखवता कोणी बोअर उघडायला सांगत असेल तर थांबा.

हे सगळं कार्बोरेटरच्या गाडीसाठी आहे. 1 एप्रिल 2020 नंतरच्या बहुतेक बीएस-6 (प्रदूषणाच्या नव्या नियमांच्या) गाड्यांत इंजेक्टर, पंप आणि सेन्सर असतात, तिथे मीटरवरचा इंजिनचा दिवा कसा लुकलुकतो ते आधी वाचावं लागतं. तुमच्या मित्राची नवी गाडी असेल तर त्याला हे उत्तर तसंच पाठवू नका.

आधी अंगणातली धारेची चाचणी करा आणि झाकण धुऊन एकदा घाट चढून या. तरीही बंद पडली तर मला चार गोष्टी कळवा: झाकण उघडताना आवाज आला का, वाटीतून धार कशी आली, ठिणगी होती का, आणि किक जड होती की हलकी. टाकी भरलेली असताना आणि अर्धी असताना किती किलोमीटरवर बंद पडली तेही लिहा, त्यावरून पुढचं सांगतो.